विश्लेषण : बैठका रोज, ‘उचल’ कधीच नाही? घरच्या व्यायामात स्क्वॉट आणि डेडलिफ्टचा मेळ कसा घालायचा?

पाच डझन हापूसच्या पेटीत ६० फळे बसतात. एक फळ अडीचशे ग्रॅमचे धरले, तर नुसत्या आंब्यांचे वजन १५ किलो होते. पेटी आणि आतला पेंढा वेगळा. मार्च ते मे या काळात रत्नागिरीत अशा पेट्या जमिनीवरून उचलून टेम्पोत चढवल्या जातात. ४० पेट्या म्हणजे ६०० किलो. जिममध्ये या हालचालीला डेडलिफ्ट म्हणतात. घरच्या व्यायामाच्या वेळापत्रकात मात्र तिला सहसा जागा नसते.

तिथे असतात त्या बैठका. यात नवल नाही. आपल्याकडे तब्येत कमावायची म्हणजे जोर-बैठका, हे समीकरण जुने आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामावर खर्च केले होते. शिवाय बैठकांना काही सामान लागत नाही. पण कंबर धरते ती बहुतेक वेळा बसताना-उठताना नव्हे, वाकून काही उचलताना. त्यामुळे रोज शंभर बैठका मारणाऱ्यालाही भरलेला गॅस सिलिंडर हलवताना पाठीत चमक भरू शकते.

दोन्हींत नेमका फरक काय?

स्क्वॉटमध्ये गुडघे आणि खुबे दोन्ही वाकतात आणि धड बऱ्यापैकी उभे राहते. मुख्य काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचे, सोबत नितंबांचे. डेडलिफ्टमध्ये गुडघे कमी वाकतात, खुबा मागे जातो आणि पाठ सरळ ठेवून धड पुढे झुकते. इथे मांडीचा मागचा भाग, नितंब, पाठीचा कणा धरून ठेवणारे स्नायू आणि हाताची पकड कामाला लागते. म्हणजे एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

आपली तालमीतली बैठक आणि जिमचा स्क्वॉट हेही तंतोतंत एक नाहीत. बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात. वजन घेऊन स्क्वॉट करताना टाचा जमिनीला टेकलेल्याच हव्यात.

दोन्ही हालचाली एकाच उचलीत पाहायच्या असतील, तर वेटलिफ्टिंगमधला ‘क्लीन अँड जर्क’ बघा. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले. त्याने एकूण २४८ किलो उचलले, त्यातले १३५ किलो क्लीन अँड जर्कमध्ये. या प्रकारात वजन जमिनीवरून सुटते तेव्हाची ओढ डेडलिफ्टच्या जातीची असते. ते खांद्यावर झेलून खोल बसणे आणि तिथून उठणे हा स्क्वॉट. यातला एक भाग कच्चा राहिला तर उचल पुरी होत नाही.

मग दोन्ही सारखेच करायचे का?

नाही. डेडलिफ्टमध्ये साधारणपणे जास्त वजन उचलता येते, पण पाठ आणि पकड लवकर थकते. घरी स्क्वॉटची अडचण उलटी असते. खांद्यावर बार ठेवायला रॅक नसतो, वजन छातीशी धरावे लागते आणि पायांआधी हातच दमतात. म्हणून स्क्वॉटला वजन कमी, आवर्तने जास्त. डेडलिफ्टला आवर्तने कमी आणि वजन हळूहळू वाढते, हा हिशेब घरात चांगला जमतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. त्या दोन दिवसांत हे बसते. समजा, सोमवारी आधी स्क्वॉट, १० आवर्तनांचे तीन सेट. मग हलक्या वजनाने डेडलिफ्ट, आठचे दोन सेट. गुरुवारी आधी डेडलिफ्ट, पाचचे तीन सेट; मग एक पाय पुढे, एक मागे ठेवून स्क्वॉट, प्रत्येक पायावर आठ. ताजेतवाने असताना जे आधी कराल ते नीट होते, म्हणून क्रमाची ही अदलाबदल. प्रत्येक सेट ‘अजून दोन-तीन झाले असते’ असे वाटत असताना थांबवा.

वजन कुठून आणायचे?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ही सोय निसर्गानेच केली आहे. मात्र अर्धा भरलेला कॅन हिंदकळतो आणि तोल जातो. त्यापेक्षा कोरडी वाळू बरी. लिटरमागे साधारण दीड किलो भरते. २० लिटरचा कॅन वाळूने भरला, तर ३० किलोच्या आसपास जातो. प्लॅस्टिकची मूठ तेवढे पेलेल का, ते आधी पाहा. स्क्वॉटसाठी पाठीवरची सॅक पोटाशी उलटी अडकवली तरी चालते. सिलिंडर हे व्यायामाचे साधन नव्हे, हे वेगळे सांगायला नकोच.

पाठ सांभाळायची कशी?

इथे शाळेतला तरफेचा धडा उपयोगी पडतो. २० किलो वजन कमरेपासून २० सेंटिमीटरवर असताना पाठीवर जो पीळ येतो, तो तेच वजन ४० सेंटिमीटरवर गेले की दुप्पट होतो. भरलेली घागर बायका हात लांब करून नेत नाहीत, कमरेवर घेतात. त्यामागचे गणित हेच. डेडलिफ्टमध्येही वजन नडगीला जवळजवळ घासत वर यायला हवे.

सुरुवातीचे काही दिवस वजनच घेऊ नका. पाठीवर उभी काठी धरा. ती डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता खुबा मागे ढकलत वाका. तिन्हींपैकी एक जागा सुटली, की पाठ गोल झाली असे समजा. मोबाइल बाजूला उभा करून व्हिडीओ काढला तर हे लगेच दिसते. समोरून काढलेल्या व्हिडीओत काहीच कळत नाही.

कंबरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा जाणवला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. स्लिप डिस्क, हर्निया, गर्भारपण किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर सुरू करण्याआधीच विचारा. जोर लावताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब चढतो. उचलताना श्वास सोडत राहा.

राहता राहिला पावसाळा. अंगणातल्या शेवाळावर वजन घेऊन उभे राहू नका, पडवीत या. लोखंडी प्लेट असतील तर वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा. खाऱ्या, दमट हवेत गंज धरायला वेळ लागत नाही.