अर्धवट पदवीचा हिशेब

कॉलेजात नाव घालून पदवीच्या आधीच बाहेर पडलेल्या, पासष्ट वर्षांखालील लोकांची संख्या अमेरिकेत साडेतीन कोटींच्या वर आहे. कुणी नोकरी लागली म्हणून शिक्षण सोडले, कुणी कर्ज वाढत चालले म्हणून, तर कुणी घरी लहान मूल आले म्हणून. यांतल्या बहुतेकांच्या नावावर काही ना काही श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, जमा असतात. ते जुने श्रेयांक वळते करून घेऊन उरलेली पदवी ऑनलाइन पुरी करण्याचे बरेच मार्ग तिथे आहेत. त्यांतला सर्वांत लवचिक मार्ग म्हणजे ‘जनरल स्टडीज’ची बॅचलर पदवी. नुसती ‘जनरल’ पदवी नोकरी देणाऱ्याला पुरेसे काही सांगत नाही, म्हणून तिच्या जोडीला बहुधा एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेतला जातो आणि त्यात बिझनेसला मोठी पसंती असते.

अमेरिकी बॅचलर पदवी साधारणपणे 120 सेमिस्टर श्रेयांकांची असते. एक श्रेयांक म्हणजे सुमारे पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, अशी केंद्र सरकारची व्याख्या आहे. या 120 चे ढोबळ तीन भाग पडतात. पहिला, सर्वांना लागू असलेले सामान्य शिक्षण: लेखन, गणित, विज्ञान, इतिहास-समाजशास्त्रासारखे विषय. दुसरा मुख्य विषयाचा, म्हणजे मेजरचा. तिसरा ऐच्छिक विषयांचा. जनरल स्टडीजमध्ये यातला मधला भाग जवळजवळ नसतोच. त्याऐवजी दोन-तीन विद्याशाखांत पसरलेले श्रेयांक चालतात. मायनर बहुधा 15 ते 24 श्रेयांकांचा, म्हणजे पाच ते आठ विषयांचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही मेजर, मायनर आणि श्रेयांक हे शब्द रुळले आहेत आणि श्रेयांक साठवण्यासाठी ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली आहे. त्यामुळे मराठी वाचकाला ही रचना आता फारशी परकी वाटू नये.

श्रेयांकांची ही पद्धत आली कुठून? हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी 1869 ते 1909 या कारकिर्दीत ठरावीक अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मुभा दिली. विषय ऐच्छिक झाले की त्यांचे वजन मोजायला माप लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने तासांवर आधारलेले ते माप रूढ झाले. 1944 च्या ‘जी. आय. बिल’ने युद्धावरून परतलेल्या लाखो सैनिकांना कॉलेजची दारे उघडली आणि वयाने मोठा विद्यार्थी ही नवलाई राहिली नाही. पुढे 1970 च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या तीन शेजारी राज्यांनी तर वर्गच न भरवणारी कॉलेजे काढली. आज ती एक्सेल्सियर, थॉमस एडिसन आणि चार्टर ओक या नावांनी ओळखली जातात. इतरत्र मिळवलेले श्रेयांक तपासायचे, कमी पडतील ते परीक्षेने किंवा घरच्या अभ्यासाने भरून घ्यायचे आणि पदवी द्यायची, हे त्यांचे मुख्य काम. आजच्या ऑनलाइन पदवीपूर्तीची सगळी बीजे तिथे आहेत. इंटरनेट नंतर आले. 2006 मध्ये अमेरिकी काँग्रेसने जुना ‘पन्नास टक्क्यांचा नियम’ उठवला. निम्म्याहून अधिक शिक्षण दूरस्थ पद्धतीने देणाऱ्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना केंद्रीय मदत मिळण्यात जी आडकाठी होती ती गेली आणि ऑनलाइन पदव्यांची बाजारपेठ वेगाने फोफावली.

बाजारपेठ म्हटली की खोटा मालही आला. म्हणून पहिली तपासणी मान्यतेची. ‘अ‍ॅक्रेडिटेशन’ देणाऱ्या संस्था सरकारी नसतात, पण शिक्षण खात्याने त्यांना मान्य केलेले असावे लागते. हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स, दक्षिणेतली ‘सॅक्स’ ही त्यांतली जुनी नावे. पूर्वी ‘प्रादेशिक’ आणि ‘राष्ट्रीय’ मान्यता असा भेद असे. शिक्षण खात्याने तो 2020 मध्ये कागदोपत्री पुसला, तरी श्रेयांक स्वीकारताना अनेक विद्यापीठे अजूनही जुन्या प्रादेशिक संस्थांनाच झुकते माप देतात. बिझनेस विभागाला ‘एएसीएसबी’सारखी वेगळी मान्यता असली तर चांगलेच, पण मायनरपुरती तिची फार चिंता करण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न आकडेमोडीचा आहे. समजा, एखाद्याचे कम्युनिटी कॉलेजातले आणि नंतरच्या एका विद्यापीठातले मिळून 74 श्रेयांक आहेत. नवे विद्यापीठ ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, तपासून त्यांतले 68 स्वीकारते. कुठे ‘डी’ श्रेणी आडवी येते, कुठे पूर्वतयारीचा विषय पदवीत धरला जात नाही. उरले 52. पण हे 52 मनाला येतील ते विषय घेऊन भरता येत नाहीत. शेवटचे, निदान 30, श्रेयांक आपल्याकडेच घ्यावेत अशी बहुतेक विद्यापीठांची अट असते. शिवाय वरच्या पातळीचे, म्हणजे 300 आणि 400 क्रमांकाचे, श्रेयांक ठरावीक संख्येत लागतात. इथे ते 36 धरू. जुने 68 सगळे खालच्या पातळीचे असतील, तर 52 पैकी 36 वरच्या पातळीतच घ्यावे लागतील आणि खालच्या पातळीला जागा उरेल फक्त 16 ची. बिझनेस मायनर 18 चा आणि त्यातले निम्मे विषय प्राथमिक असतील, तर 9 तिथे गेले. मग उरलेल्या 7 मध्ये राहून गेलेले गणित आणि प्रयोगशाळेसह एक विज्ञान, एवढेच मावते. हौसेने घेतलेला एक जादा प्राथमिक विषय इथे सरळ एक सत्र वाढवतो. ‘काहीही घ्या, चालते’ अशी जनरल स्टडीजची ख्याती आहे. ती वरच्या पातळीच्या या अटीपाशी संपते. मिशिगन विद्यापीठात (तिथली पदवी ऑनलाइन नव्हे) ‘बॅचलर ऑफ जनरल स्टडीज’ला 120 पैकी 60 श्रेयांक वरच्या पातळीचे लागतात. ज्याला ही पदवी सोपी वाटते त्याने हा आकडा पाहावा.

हीच मांडणी नाव नोंदवण्याआधी लेखी करून मिळते का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. अनेक विद्यापीठांत ‘डिग्री ऑडिट’ नावाचा तक्ता निघतो. प्रत्येक जुना विषय कोणत्या रकान्यात बसला ते त्यात दिसते. ‘स्वीकारले’ आणि ‘लागू पडले’ यांत फरक आहे: एखादा विषय स्वीकारला जातो, पण नुसता ऐच्छिक म्हणून, आणि ऐच्छिकाचा रकाना आधीच भरलेला असतो. फोनवर गोड बोलणारा प्रवेश-सल्लागार हा फरक आपणहून सांगेलच असे नाही.

श्रेयांक वर्गाबाहेरही मिळतात. कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ परीक्षांत लेखा, व्यवस्थापन, मार्केटिंग, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र हे सगळे विषय आहेत. एका परीक्षेचे शुल्क शंभर डॉलरच्या आसपास, आणि 20 ते 80 च्या मापावर 50 गुण मिळाले की साधारणपणे 3 श्रेयांक मिळतात. सैन्यातल्या प्रशिक्षणाचे, कंपनीतल्या काही अभ्यासक्रमांचे, क्वचित कागदपत्रांनी दाखवलेल्या कामाच्या अनुभवाचेही श्रेयांक धरले जातात. मात्र हे श्रेयांक बहुधा खालच्या पातळीचे असतात आणि मायनरचे निदान निम्मे विषय आपल्याकडेच घ्या, असा नियम अनेक ठिकाणी असतो. त्यामुळे परीक्षा द्यावी ती तक्त्यातला रिकामा रकाना पाहूनच.

मायनरमध्ये काय असते? आर्थिक लेखापालन, अर्थशास्त्राची तोंडओळख, व्यवस्थापन, मार्केटिंग आणि त्यापुढे वित्त, व्यवसाय कायदा, मनुष्यबळ यांतले दोन-तीन विषय. यातला लेखापालनाचा विषय बहुतेकांना जड जातो, आणि उपयोगीही तोच पडतो. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचता आले की दुकानाच्या व्यवस्थापकापासून स्वयंसेवी संस्थेच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे त्याचा उपयोग होतो. पुढे एमबीए करायचे झाल्यास काही विद्यापीठे या विषयांच्या बळावर पायाभूत अभ्यासक्रमांतून सूट देतात. मायनरने कुणी लेखापाल होत नाही, हेही तितकेच खरे. केंद्र सरकारच्या लेखापाल पदाला लेखापालनाचे 24 श्रेयांक मागतात. मायनरचे सगळे विषय मिळूनही बहुधा तेवढे होत नाहीत.

ऑनलाइन वर्ग बहुतांशी ठरावीक वेळेशी बांधलेला नसतो. आठवड्याचा धडा सोमवारी उघडतो, मध्यावर चर्चाफलकावर आपले मत आणि दोन सहाध्यायांना उत्तरे, रविवारी रात्री गृहपाठ. परीक्षेच्या वेळी कॅमेरा सुरू आणि ब्राउझर कुलूपबंद. सत्रे अनेक ठिकाणी आठ आठवड्यांची असतात आणि तिथेच लोक फसतात. सरकारी व्याख्येने तीन श्रेयांकांच्या विषयाला एकूण सुमारे 135 तास लागतात. ते पंधरा आठवड्यांत आठवड्याला नऊ पडतात, आठ आठवड्यांत जवळपास सतरा. एकाच वेळी दोन विषय घेतले तर चौतीस, म्हणजे दुसरी नोकरीच. प्रत्यक्षात कमी तासांत भागवणारे पुष्कळ आहेत, पण आखणी करताना हा आकडा समोर असावा. वरच्या उदाहरणातले 52 श्रेयांक म्हणजे सतरा विषय. वर्षाला पाच सत्रे आणि दर सत्रात दोन विषय धरले तर दोन वर्षांच्या आत पदवी. एकेक विषय घेतला तर साडेतीन वर्षे. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याने दुसरा हिशेब धरून निघावे आणि एखादे सत्र हलके गेले तर वेग वाढवावा.

पैशाच्या बाजूने केंद्र सरकारचे पेल अनुदान असते. ते परत करावे लागत नाही, पण आयुष्यभरात बारा सेमिस्टरइतकेच मिळते. तरुणपणी त्यातले काही खर्ची पडले असेल तर उरलेलेच हाती येते. मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या रकमेतले वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत करमुक्त असतात. स्टारबक्सने 2014 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाशी करार करून कर्मचाऱ्यांना ऑनलाइन पदवीची सोय केली, आणि नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही अशा योजना आणल्या.

ही पदवी कुणासाठी? ज्याच्याकडे अनुभव आहे आणि फक्त ‘बॅचलर आवश्यक’ या ओळीपाशी ज्याची बढती अडते, त्याच्यासाठी ती उत्तम. परवान्याच्या व्यवसायात, म्हणजे नर्सिंग, अभियांत्रिकी, शाळेत शिकवणे यांत, जाऊ पाहणाऱ्यासाठी ती चुकीची. विशीतल्या, अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याने शक्य असेल तर एखादा मुख्य विषय घ्यावा.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न बहुधा एच-4 व्हिसावर आलेल्या जोडीदाराच्या निमित्ताने निघतो. या व्हिसावर शिकता येते, केंद्रीय आर्थिक मदत मात्र मिळत नाही. भारतातली तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.ए. काही मूल्यमापन संस्था पूर्ण बॅचलरच्या बरोबरीची मानतात, काही तीनच वर्षांची. पहिला निर्वाळा मिळाला तर दुसऱ्या बॅचलर पदवीवर पैसे घालण्यापेक्षा मास्टर्सचा विचार शहाणपणाचा. भारतात बसून संपूर्ण ऑनलाइन पदवी घेऊ पाहणाऱ्याला विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यालाही पूर्णवेळ अभ्यासात सत्राला एकच ऑनलाइन विषय धरता येतो. आणि ती पदवी भारतात सरकारी नोकरीसाठी किंवा उच्चशिक्षणासाठी दाखवायची असेल, तर समकक्षतेची चौकशी शुल्क भरण्याआधी करावी.

शेवटी एक बारीक गोष्ट. बहुतेक विद्यापीठांत मायनरचा उल्लेख पदवीपत्रावर छापला जात नाही, तो फक्त ट्रान्स्क्रिप्टवर असतो. अर्जात आणि बायोडेटात तो विद्यार्थ्याने स्वतःच लिहावा.