तळणीचं तेल आणि दहा टनी टिपर

गोव्यात डिचोलीहून सारमानसच्या जेटीकडे जाताना एके काळी खनिजाच्या टिपरांची रांग संपता संपत नसे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि ते टिपर परसात माडांखाली उभे राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या तेव्हा पुन्हा तेच. २०२४ मध्ये डिचोलीचा खाणपट्टा नव्याने सुरू झाला, पण तोवर कित्येक गाड्या भंगारात गेल्या होत्या. अशा भंगारात मी एकच गोष्ट शोधत असतो : मिकोचा इनलाइन इंधन पंप, कारण तळणीच्या तेलावर इंजिन चालवायचं तर तोच हवा.

मिको म्हणजे बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी; २००८ पासून तिचं नाव बॉश. जुन्या टाटा टिपरच्या इंजिनाला बिलगून बसलेला हा पंप डिझेल गाडीतला सर्वांत सोशिक अवयव आहे. प्रत्येक सिलिंडरला त्यात स्वतंत्र प्लंजर. खालच्या कॅमला वंगण मिळतं ते इंजिन ऑइलचं, त्यामुळे वरून जाणारं इंधन थोडं जाडसर असलं तरी तो मुकाट्याने रेटतो. रोटरी पंपाचं तसं नाही. त्याचं वंगण म्हणजे खुद्द इंधनच. त्यात थंड, घट्ट तेल गेलं की आतला शाफ्ट तुटायची भीती. आणि नव्या गाड्यांतल्या कॉमन रेलच्या बारीक इंजेक्टरांचं तर विचारूच नका. म्हणजे तळणीच्या तेलावर गाडी चालवायची तर जितकी जुनी तितकी बरी. हे ऐकून डिचोलीतले मिस्त्री खूश होतात.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि विषय मागे पडला.

खाद्यतेलाची मुख्य अडचण म्हणजे घट्टपणा. ४० अंशांना डिझेलची श्यानता २ ते ४.५ सेंटिस्टोक; बहुतेक खाद्यतेलांची तीसच्या पुढे. असं तेल नोझलमधून फवारलं जात नाही, धारेसारखं पडतं, अर्धवट जळतं आणि नोझलच्या तोंडाशी, पिस्टनच्या रिंगांत कार्बन धरतं. उपाय म्हणजे उष्णता. तेल ७०-८० अंशांपर्यंत तापलं की पुष्कळ पातळ होतं, आणि तेवढं गरम पाणी रेडिएटरच्या वाटेवर फुकट फिरत असतं. त्या पाण्याची एक फांदी तेलासाठी बसवलेल्या दुसऱ्या टाकीतून आणि फिल्टरभोवतून फिरवायची. सेल्फ मारायचा तो डिझेलवर. इंजिन तापलं की केबिनमधला व्हॉल्व्ह फिरवून तेलावर यायचं, आणि बंद करण्याआधी काही मिनिटं परत डिझेलवर, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल थिजणार नाही. नळ्यांसाठी मिस्त्री हटकून तांबं पुढे करतो, कारण ते वाकवायला सोपं. नको म्हणून सांगा. तांब्याच्या संगतीत तेल लवकर खवट होतं, चिकटा धरतं. स्टील किंवा ॲल्युमिनियम घ्या.

खाणीच्या टिपरचा दिनक्रम या जुगाडाला अर्धा सोयीचा, अर्धा वैरी. भरलेली फेरी उत्तम : इंजिनावर भार, ज्वलन कडक. पण जेटीवरच्या रांगेत तासभर नुसतं घुरघुरत उभं राहणं वाईट. कमी भारावर सिलिंडर निवतो, न जळलेलं तेल रिंगांतून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि तिथे त्याची खळ होते. म्हणून रांगेत उभं राहताना डिझेलवर यायचं, आणि इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या किलोमीटरांतच बदलायचं.

आता तेल. त्यासाठी पेडणे तालुका गाठायचा. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात शॅकचा मोसम सुरू झाला की मागच्या दारी कॅन साठू लागतात. मला या कॅनांचा तळ पाहायचं वेड आहे. रवा लावून तळलेल्या इसवणाचं तेल असेल तर दाणेदार रवा लवकर खाली बसतो आणि वरचं तेल नितळ होतं. मिरची-भज्यांच्या गाड्यावरचं तेल मात्र बेसनाने दिवसेंदिवस गढूळ राहतं. मासळी तळलेल्या तेलात मीठ आणि पाणी जास्त, आणि पंपाचा खरा शत्रू पाणीच. परीक्षा घरगुती : तापल्या तव्यावर थोडं तेल टाका, तडतडलं तर ते अजून ओलं आहे, पिंपात राहू द्या. महिनाभर स्थिर ठेवून वरवरचं उपसायचं, आधी जाड कापडातून, मग पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून. खानावळीचं खोबरेल आलं असेल तर डिसेंबरच्या पहाटे जपा. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं.

हरमललाच हिवाळ्यात परदेशी नंबरप्लेटच्या जुन्या मर्सिडीज लॉऱ्या दिसत, त्यांची घरं केलेली. अशांवरून आठवतो तो इंग्रज पत्रकार अँडी पॅग. २००७ मध्ये तो चॉकलेट कारखान्याच्या टाकाऊ मालापासून केलेल्या इंधनावर टिंबक्टूला गेला. मग टाकाऊ तेलावरच्या जुन्या मर्सिडीजमधून जगप्रवासाला निघाला आणि जानेवारी २०१० मध्ये पुष्करला अटकेत पडला. कारण तेल नव्हे. विनापरवाना सॅटेलाइट फोन.

आपल्याकडचा कायदा मात्र तेलाबद्दलही बोलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीशी विसंगत फेरबदल परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि नुसतं गाळलेलं तेल हे मान्य इंधन नाही. मान्य आहे ते मिथेनॉल आणि कॉस्टिकने ग्लिसरीन वेगळं काढून केलेलं, आयएस १५६०७ मानकाचं बायोडिझेल. अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने जुलै २०१८ पासून तेलातील पोलर कंपाउंड २५ टक्क्यांवर गेले की ते तळणीला वर्ज्य ठरवलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये असं तेल बायोडिझेलकडे वळवणारी ‘रुको’ योजना आणली. तेव्हा माझं मत असं : परसात जुना टिपर असेल तर त्याचं इंजिन काढून जनरेटरला किंवा कुळागराच्या पंपाला जोडा आणि त्यावर हे सगळं करून पाहा. रस्त्यावरच्या गाडीत बायोडिझेलच घाला. आणि गाडी कॉमन रेलची असेल, तर तळणीच्या तेलाचा कॅन तिच्या आसपासही ठेवू नका.