विमानाने थेट लेहला : रानमेंढ्या आणि हिमबिबट्या पाहायला जाण्यापूर्वी

हिवाळ्यात ऐरोली-सीवूड्सच्या खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढणाऱ्या मंडळींपैकी अनेकांना पुढे लडाखची ओढ लागते. तिथल्या उघड्या डोंगरउतारांवर रानमेंढ्यांचे कळप चरतात आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या येतो. पूर्वी हे प्राणी पाहायला शिकारी बंदूक घेऊन जात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांच्या शिकारीला बंदी आहे. आता पर्यटक कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन जातात. प्रवास मात्र आजही तितकाच दुर्गम आहे.

या सहलीची तयारी करताना लोक लेन्स, थर्मल कपडे आणि गाइड यांचा बारकाईने विचार करतात. 'माझं शरीर तिथल्या हवेला कधी सरावेल?' हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. जिवाशी गाठ असते ती याच प्रश्नाची, म्हणून हा लेख.

विमानाने गेल्यावर नेमकं काय होतं?

नवी मुंबई समुद्रसपाटीला आहे. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे लेहची धावपट्टीच कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. सकाळी घरून निघालेला माणूस दिल्लीत विमान बदलून काही तासांत तिथे पोहोचतो. विमान हे अंतर तासांत कापतं, पण शरीराला त्यासाठी दिवस लागतात.

लेहच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याइतकंच, म्हणजे २१ टक्के असतं. पण हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश इतकाच असतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास जलद होतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते. मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित नव्याने जुळवतात आणि या कामाला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शरीरावर जादा भार टाकला तर त्रास सुरू होतो.

'मी तर रोज टेकडी चढतो, मला काय होणार?'

हा गैरसमज सगळ्यात धोकादायक आहे. खारघरची टेकडी रोज चढल्याने दमसास वाढतो, पण विरळ हवेचा त्रास टळत नाही. तरुण, धडधाकट माणसं पहिल्याच दिवशी पिशव्या उचलतात, बाजार फिरतात, टेकडीवरच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतात आणि रात्री आजारी पडतात.

हे आपल्या जवानांच्या बाबतीतही घडलं. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले सैनिक हिमालयात तातडीने उंचावर पाठवले गेले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. उंचीच्या आजाराबद्दल जगाला जे कळलं, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. तंदुरुस्त तरुणालाही हा आजार गाठू शकतो, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

त्रासाचे तीन प्रकार ओळखा

१. साधा उंचीचा त्रास. पोहोचल्यावर साधारण ६ ते १२ तासांत डोकं दुखू लागतं. सोबत मळमळ, भूक नसणं, थकवा, चक्कर किंवा तुटक झोप असू शकते. हा त्रास बऱ्याच जणांना होतो. आराम केला आणि आणखी वर गेलं नाही, तर तो एक ते तीन दिवसांत ओसरतो.

२. मेंदूला सूज. डोकेदुखी वाढत जाते, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलतो, सुस्त पडतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो. संशय आला तर त्याला एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल, तर 'सकाळपर्यंत बघू' म्हणू नका.

३. फुप्फुसात पाणी. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत होतं. आधी चालताना नेहमीपेक्षा जास्त दम लागतो, मग बसल्या जागीही धाप लागते. कोरडा खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते, ओठ-नखं निळसर पडतात, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी येते. यात डोकं दुखेलच असं नाही. 'थंडीने खोकला झालाय' असं म्हणून इथेच वेळ वाया जातो.

दुसरा आणि तिसरा प्रकार जीवघेणा आहे. ऑक्सिजन आणि ताबडतोब कमी उंचीवर जाणं, हेच मुख्य उपचार. औषधं त्यांच्या जोडीला असतात, त्यांच्याऐवजी नाहीत.

खाली उतरायचं म्हणजे कुठे?

सहल आखतानाच हा विचार करायला हवा. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुम्बाकसारख्या गावात त्रास झाला, तर लेह खाली आहे आणि तिथे सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे. पण लेहमध्येच त्रास झाला तर? खारदुंग ला, चांग ला, तांगलांग ला या खिंडींचे रस्ते आधी ५,००० मीटरच्या वर चढतात. सिंधू नदीच्या काठाने खाली गेलं तर उंची थोडीच कमी होते. फार खाली नेणारा खरा मार्ग म्हणजे विमान. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात आणि हिवाळ्यात हवामानामुळे रद्दही होतात. म्हणून लेहमध्ये लक्षणं वाढली तर हॉटेलच्या खोलीत थांबू नका, रुग्णालयात जा. तिथे ऑक्सिजन मिळतो आणि बरेच रुग्ण तिथेच सावरतात.

मेंढ्यांच्या क्रमाने चढा

लडाखच्या तीन प्रमुख रानमेंढ्या वेगवेगळ्या उंचीवर राहतात. त्यांचा क्रम लक्षात ठेवला की आराखडा आपोआप सुरक्षित होतो.

- शापो (युरियल) : सिंधू आणि श्योक नद्यांच्या खोऱ्यांतल्या खालच्या उतारांवर, म्हणजे लेहच्या आसपासच्या उंचीवर.
- नापो (भरल किंवा निळी मेंढी) : हेमिसच्या उंच कड्यांवर. हिमबिबट्याचं हे आवडतं भक्ष्य. रुम्बाक सुमारे ४,००० मीटरवर आहे.
- न्यान (अरगली) : चांगथांगच्या पठारावर, ४,५०० मीटर आणि त्याहून वर.

म्हणजे शापो आधी, नापो मग आणि न्यान शेवटी. साधारण आराखडा असा करता येईल :

- दिवस १ आणि २ : लेह. पहिला दिवस पूर्ण विश्रांती, जिने-चढ टाळा. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडं चाला.
- दिवस ३ : गाडीने सिंधूच्या काठाने खालच्या दिशेला, आल्चीच्या बाजूला. शापो पाहा, मुक्कामाला लेह.
- दिवस ४ ते ७ : त्रास नसेल तरच रुम्बाक किंवा तशा उंचीचं गाव. पोहोचल्याचा दिवस हलका ठेवा.
- दिवस ८ : लेहला परत, विश्रांती.
- दिवस ९ ते ११ : तब्येत उत्तम असेल तरच चांगथांग.
- दिवस १२ आणि १३ : लेह आणि परतीसाठी राखीव दिवस.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा नियम आहे. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली झोपायला येणं तुलनेने चालतं, झोपायची उंची महत्त्वाची. 'रजाच सहा दिवसांची आहे' अशी अडचण असेल, तर चांगथांग आणि रुम्बाक वगळा. लेहमधले पहिले दोन दिवस वगळू नका.

औषध घ्यावं का?

नवी मुंबईहून थेट लेहला उतरणाऱ्यांना डॉक्टर अनेकदा अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) सुचवतात. प्रौढांसाठी नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून पोहोचल्यावर दोन दिवसांपर्यंत. बोटांना मुंग्या येणं आणि लघवी वाढणं हे अपेक्षित परिणाम आहेत. सल्फा औषधांची गंभीर अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर ते परस्पर घेऊ नका. गोळी घेतली म्हणून विश्रांतीचे दिवस कमी करता येत नाहीत.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य भेटा, जर…

- हृदयविकार असेल, किंवा अलीकडे अँजिओप्लास्टी अथवा बायपास झाली असेल.
- दमा, सीओपीडी, फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा किंवा झोपेत श्वास अडण्याचा त्रास असेल.
- रक्तदाब आटोक्यात नसेल. उंचीवर पहिले काही दिवस तो आणखी वाढू शकतो. चालू गोळ्या बंद करू नका.
- मधुमेह असेल. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. ते हातातल्या बॅगेत आणि पुढे अंगाजवळच्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटरही उबदार ठेवा.
- हिमोग्लोबिन कमी असेल. साधी रक्ततपासणी महिनाभर आधी केली तर उपचाराला वेळ मिळतो.
- घरात सिकल सेलचा इतिहास असेल. नंदुरबार आणि विदर्भातल्या अनेक कुटुंबांत हा आजार आढळतो. रुग्णांनी एवढ्या उंचीवर जाणं टाळावं आणि वाहकांनीही आधी सल्ला घ्यावा, कारण उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते.
- गर्भवती असाल, किंवा सोबत लहान मूल असेल. 'डोकं दुखतंय' हे लहान मुलाला सांगता येत नाही. ते किरकिरतं, खात नाही, खेळत नाही.
- याआधी उंचीवर फुप्फुसात पाणी झालं असेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कापूर हुंगला तर चालतो का?
कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. कापराची वडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेल्यास ती विषारी ठरते.

ऑक्सिजनचा छोटा डबा पुरेसा आहे का?
तो काही मिनिटांत संपतो. तेवढ्यापुरतं बरं वाटल्यामुळे खाली उतरायला उशीर होतो, हा त्याचा मोठा तोटा.

ऑक्सिमीटर न्यावा का?
न्या, पण आकड्यावर विसंबू नका. पहिल्या दिवशी लेहमध्ये ८५ ते ९० च्या आसपासचा आकडा बऱ्याच निरोगी माणसांतही दिसतो. गार बोटांवर तो चुकतो, म्हणून आधी हात गरम करा. आकडा बरा असूनही माणूस झोकांड्या देत असेल, तर माणसाकडे बघा.

भरपूर पाणी प्यायल्याने त्रास टळतो का?
शरीर कोरडं पडू देऊ नका, पण जबरदस्तीने लिटरच्या लिटर पिऊनही उंचीचा त्रास टळत नाही. पहिले दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण टाळा.

खोलीत बुखारी पेटवली तर?
लाकूड-कोळशाची बुखारी किंवा शेगडी बंद खोलीत रात्रभर पेटती ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडनेही डोकं दुखतं आणि मळमळतं. खोलीतल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होत असेल, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

घरच्यांसाठी

मागे राहणाऱ्यांकडे मुक्कामांची यादी, गाइडचा नंबर आणि औषधांची नावं लिहून ठेवा. बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड ठेवा. गावांमध्ये तेही दिवसदिवस लागत नाही. विमान रद्द होऊ शकतं, म्हणून नेहमीच्या गोळ्या पाच दिवस जास्तीच्या न्या. गाइडला आधीच विचारा : मुक्कामी ऑक्सिजन सिलिंडर आहे का, आणि रात्री गाडी मिळेल का? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरा गाइड शोधा.

आणखी एक गोष्ट निघण्याआधी आपसात ठरवा. कुणाला त्रास झाला तर तो लपवायचा नाही आणि त्याला एकट्याने खाली पाठवायचं नाही. हिमबिबट्या दिसायच्या सकाळीच सोबत्याला धाप लागली, तर लेन्स बॅगेत टाकून सगळ्यात आधी त्याला खाली न्यायचं. हे घरी बसून ठरवलं असेल, तरच तिथे ते पाळलं जातं.

थोडक्यात

- लेहला पहिले दोन दिवस विश्रांती, कितीही बरं वाटत असलं तरी.
- उंचीवर काहीही त्रास झाला, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच समजा.
- त्रास असताना आणखी वर जाऊ नका.
- तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप : ताबडतोब ऑक्सिजन, खाली उतरणं, रुग्णालय. रात्र असली तरी.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे आजार आणि चालू औषधं पाहूनच डॉक्टर योग्य सल्ला देऊ शकतात.)