मागे फिरणारा पायलटच खरा उस्ताद

आपल्या वाचकांत असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील कोणीच दुबई, कुवेत, दोहा किंवा जेद्दाहचा प्रवास केलेला नाही. कोणी नोकरीसाठी जातो, कोणी माल आणायला, कोणी हज-उमराहसाठी. विमानात बसताना आपण दुआ पढतो आणि स्वतःला व कुटुंबाला पुढच्या केबिनमधील दोन अनोळखी माणसांच्या हवाली करतो. ते अनुभवी असतील एवढाच आपला भरवसा असतो. धंद्यातही आपला हिशोब हाच असतो, की जुना कारागीर म्हणजे पक्का कारागीर. परंतु खराब हवामानात हा हिशोब नेहमीच खरा ठरतो असे नाही. कोझिकोडच्या अपघातावरून ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

दुबई ते कोझिकोड

7 ऑगस्ट 2020 ची संध्याकाळ. कोरोनाच्या काळात आखातात अडकलेल्या लोकांना मायदेशी आणणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान 190 जणांना घेऊन दुबईहून कोझिकोडला येत होते. केरळात पाऊस सुरू होता. कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून बांधलेली आहे. अशा धावपट्टीला टेबलटॉप म्हणतात. तिच्या टोकापलीकडे जमीन नाही, थेट उतार आहे.

पहिल्या प्रयत्नात कप्तानाच्या बाजूचा काचेवरचा वायपर बंद पडला आणि त्यांनी विमान पुन्हा वर घेतले. येथपर्यंत सारे नियमाप्रमाणे झाले. दुसऱ्या प्रयत्नासाठी त्यांनी धावपट्टीची विरुद्ध बाजू घेतली. त्या बाजूने वारा पाठीमागून येत होता. पाठीमागून वारा असला की विमान जमिनीवर जास्त वेगाने येते, आणि ओल्या धावपट्टीवर ते थांबायलाही जास्त जागा लागते. 8,858 फूट लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली ती 4,438 फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी मागे पडल्यावर. विमान टोकावरून खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही पायलट आणि 19 प्रवासी अल्लाहला प्यारे झाले. कोंडोट्टी परिसरातील लोक भर पावसात, कोरोनाची भीती बाजूला ठेवून, जखमींना आपल्या गाड्यांतून दवाखान्यात नेत होते. त्यांच्या त्या खिदमतीची आठवण आजही काढली जाते.

अनुभव कोठे कमी पडला?

कप्तान नवखे नव्हते. भारतीय वायुदलातून आलेले, दहा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले ते वैमानिक होते. सरकारी तपास पथकाचा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने या अनुभवाबद्दल जे म्हटले ते प्रत्येक उस्तादाने लक्षात ठेवावे असे आहे. अशाच हवामानात कोझिकोडला पूर्वी अनेकदा सुखरूप उतरल्यामुळे कप्तानांचा आत्मविश्वास गरजेपेक्षा वाढला असावा आणि सावधपणा कमी झाला असावा, असे अहवाल सांगतो. विमानात इंधन पुरेसे होते. दुसऱ्या विमानतळावर जाता आले असते.

आपल्याकडेही असेच घडते. मशीनवर वीस वर्षे हात चालवलेला माणूसच एखाद्या दिवशी गार्ड न लावता काम करतो, कारण आजवर काही झालेले नसते. दहा वेळा धोका पत्करून सुखरूप सुटलेल्या माणसाला तो धोका धोका वाटेनासा होतो.

दुसरी बाब शेजारच्या खुर्चीची. विमान टेकण्यापूर्वी को-पायलटने "गो अराउंड", म्हणजे पुन्हा वर घ्या, असे म्हटले होते. नियमाप्रमाणे ते ऐकणे बंधनकारक होते. ते ऐकले गेले नाही आणि को-पायलटनेही विमानाचा ताबा स्वतःकडे घेतला नाही. अहवालाने या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला कोसळून 158 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तर हवाही चांगली होती. तेथेही को-पायलटने तीन वेळा पुन्हा वर घेण्यास सांगितले होते.

ही आपल्याच देशाची गोष्ट आहे असे नाही. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 जण ठार झाले. परवानगी न मिळताच विमान दौडवणारे डच कप्तान त्यांच्या कंपनीत इतर पायलटांना शिकवणारे होते. समोरचे विमान पट्टीवरून बाजूला झाले आहे का, अशी शंका त्यांच्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. ती झटकून टाकण्यात आली. अशा अपघातांनंतर जगभरच्या विमान कंपन्यांनी पायलटांना एक नवे शिक्षण देणे सुरू केले. धाकट्याने शंका स्पष्ट शब्दांत बोलायची आणि मोठ्याने ती अपमान न समजता ऐकायची, हा त्या शिक्षणाचा गाभा आहे. आपल्या दीनमध्ये मशवऱ्याला केवढे महत्त्व आहे हे वाचकांना सांगायला नको. पण आपल्या किती कारखान्यांत शागीर्द उस्तादाला "थांबा" म्हणू शकतो?

घाई कोणाची?

कोझिकोडच्या त्या कप्तानांना घाई का झाली असावी, याचाही शोध अहवालाने घेतला. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तेथूनच आणखी एक उड्डाण न्यायचे होते. विमान दुसरीकडे वळवले असते तर ड्यूटीच्या तासांचे गणित बिघडून ते उड्डाण त्यांना करता आले नसते. आणि कोझिकोडच्या तळावर कंपनीने 26 को-पायलटांमागे कप्तान नेमला होता फक्त एक. दोष एका माणसाच्या हातून घडला, पण त्याला घाईत लोटणारी व्यवस्था कचेरीत बसून आखलेली होती. टेनेरिफलाही ड्यूटीचे तास संपत आल्याची चिंता कप्तानांच्या डोक्यावर होतीच.

अमेरिकेत डॅलस विमानतळाजवळच्या वादळांचा अभ्यास एमआयटीच्या प्रयोगशाळेने 1999 मध्ये मांडला. वादळ समोर आले असता सुमारे दोनतृतीयांश वेळा विमाने त्यात शिरली होती. विमान पंधरा मिनिटांहून जास्त उशिरा असेल, अंधार पडलेला असेल किंवा पुढचे विमान नुकतेच त्या वाटेने गेलेले असेल, तर शिरण्याचे प्रमाण वाढत होते. म्हणजे आकाश तेच असले तरी घड्याळाप्रमाणे आणि शेजाऱ्याकडे पाहून निर्णय बदलत होते. बाजारात शेजारच्या दुकानदाराने माल उचलला म्हणून आपणही उचलतो, तसलाच हा प्रकार.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट प्रवासी म्हणून. पावसाळ्यात मुंबईवर घिरट्या घालून विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला नेले जाते, तेव्हा काउंटरवर आरडाओरडा होतो. अशा रांगेत आम्हीही घड्याळ पाहत चडफडलो आहोत. आता मात्र आम्हाला वाटते की त्या दिवशी पायलटने आपले काम चोख केले होते. व्हिसाची मुदत, मालाची डिलिव्हरी, घरचा निकाह असे काही असेल तर पावसाळ्यात एक दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढावे. तवक्कुलचा अर्थ उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे.

दुसरी गोष्ट मालक म्हणून. आपल्यापैकी अनेकांचे ट्रक कसारा घाटातून धुक्यात उतरतात, कोणाच्या बोटी रत्नागिरीच्या समुद्रात जातात. दर्या खवळलेला पाहून तांडेल बोट बंदरात परत आणतो, तेव्हा कोळीवाड्यात त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पण ड्रायव्हर घाटाखाली रात्रभर थांबला तर आपण त्याचे भाडे कापतो. चांगल्या विमान कंपन्या पुन्हा वर घेतलेल्या विमानाबद्दल पायलटला शिक्षा करीत नाहीत, कारण शिक्षेची भीती असली की माणूस पुढचा धोका पत्करतो. ड्रायव्हरच्या थांबण्याचे नुकसान मालकाने सोसावे, तेही आधी सांगून. कामावर आलेला माणूस ही त्याच्या घरच्यांनी आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. पावसाळा सुरू होण्याआधी आपल्या ड्रायव्हरला समोर बसवून एवढे एक वाक्य सांगून ठेवा: "हवा खराब असेल तर थांब, पैसे कापणार नाही."