शांघाय बंदराची कथा

यांगत्सी ही आशिया खंडातील सर्वांत लांब नदी होय. तिबेटच्या पठारावर उगम पावून सुमारे ६,३०० किलोमीटरांचा प्रवास केल्यावर ती चीनच्या पूर्वेकडील समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळ ह्वांगपू नावाची एक लहान नदी तिला येऊन मिळते. या ह्वांगपूच्या तीरावर शांघाय हे विशाल नगर वसले आहे. चिनी भाषेत 'शांग' म्हणजे वर आणि 'हाय' म्हणजे समुद्र. तथापि जुने शांघाय समुद्रावर नसून नदीकाठी आहे. मोठी जहाजे समुद्रातून या नगरापर्यंत आणावयाची कशी, हा प्रश्न त्याला पिढ्यान्‌पिढ्या सोडवावा लागला.

देशाच्या अंतर्भागातील रेशीम, चहा व कापूस नदीमार्गाने शांघायला येत असे. १८४२ साली इंग्रजांशी झालेल्या युद्धात चीनचा पराभव झाला व शांघायसह पाच बंदरे परकी व्यापाराला खुली करावी लागली. ह्वांगपूच्या पश्चिम तीरावर धक्के, वखारी व पेढ्या उभ्या राहिल्या. १८७१ साली हाँगकाँगहून समुद्राच्या तळातून तारायंत्राची तार येथवर आली. जहाजाने यावयास कित्येक आठवडे लागत ती युरोपातील बातमी आता फार लवकर कळू लागली.

परंतु ज्या नदीने हे वैभव दिले, तिनेच एक संकटही उभे केले. वाहत्या पाण्याला वेग असतो तोवर माती त्यात तरंगत राहते. मुखाशी प्रवाह मंदावला आणि भरतीचे पाणी आडवे आले, की ती तळाशी बसते. वूसोंग येथे दोन्ही नद्यांचा संगम होतो. तेथे घराच्या उंबरठ्याप्रमाणे गाळाचा आडवा थर साचला होता. मोठ्या जहाजांना बाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहावी लागे, किंवा माल लहान पडावांत उतरवावा लागे. परकी व्यापाऱ्यांनी १८७६ साली वूसोंग ते शांघाय आगगाडी सुरू केली. पण त्यांनी सरकारची संमती घेतली नव्हती. सरकारने ती विकत घेतली आणि १८७७ साली तिचे रूळ उखडून टाकले.

पुढे १९०६ साली योहानिस डी रायके या डच अभियंत्याकडे नदी सुधारण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने बांध घालून प्रवाह एका मार्गात आणला. अरुंद वाटेतून जाणाऱ्या पाण्याला वेग येतो, आणि वेगवान पाणी गाळ आपल्याबरोबर वाहून नेते. अशा रीतीने गाळ घालविण्याच्या कामी त्याने नदीलाच जुंपले !

ह्वांगपूने आणखी एक अडचण निर्माण केली होती. तिच्यामुळे नगराचे दोन भाग झाले होते. पूर्व तीराला पुडोंग म्हणतात. तेथील खोलीपेक्षा पश्चिम तीरावरील एक खाट बरी, असे लोक म्हणत. कारण रोजच्या कामासाठी बहुतेकांना नावेने नदी ओलांडावी लागे. १९८७ च्या डिसेंबरात दाट धुक्यामुळे नावा बंद राहिल्या. धुके विरताच एका धक्क्यावर गर्दी उसळली व चेंगराचेंगरीत सोळा माणसे प्राणांस मुकली. पूल किती निकडीचा होता, हे या घटनेवरून ध्यानात येते.

१९९१ साली नानपू पूल खुला झाला. खालून उंच जहाजे जावीत म्हणून तो पाण्यापासून सुमारे ४६ मीटर उंच बांधला आहे. एवढ्या उंचीवर जाणारा सरळ चढ दूरवरून सुरू करावा लागला असता आणि पश्चिमेकडील दाट वस्तीत तेवढी मोकळी जागा नव्हती. म्हणून तेथे रस्ता सापाच्या वेटोळ्यासारखा गोल फिरवून पुलावर नेला आहे. १९९३ साली शहरातील पहिली मेट्रो धावू लागली, आणि २०२१ च्या अखेरीस तिच्या मार्गांची लांबी ८०० किलोमीटरांहून अधिक झाली.

दरम्यान जहाजे अधिकच मोठी झाली. ठरावीक मापाच्या हजारो लोखंडी पेट्या, म्हणजे कंटेनर, वाहणाऱ्या जहाजांना पंधरा मीटर खोल पाणी हवे. नदीत ते मिळेना. तेव्हा शांघायने बंदरच समुद्रात नेण्याचे ठरविले. यांगशान नावाच्या खडकाळ बेटांजवळ खोल पाणी होते. २००५ साली तेथे नवे बंदर सुरू झाले. बेटे किनाऱ्याशी जोडण्यासाठी ३२ किलोमीटरांहून लांब असा डोंगहाय पूल बांधण्यात आला. येथील एका विभागात २०१७ सालापासून माणूस आत न बसता याऱ्या व मालगाड्या पेट्यांची ने-आण करतात. २०१० साली कंटेनरांच्या वाहतुकीत शांघायने सिंगापूरला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळविला.

तरीही काम संपलेले नाही. यांगत्सीच्या मुखातील जहाजांची वाट २०१० साली साडेबारा मीटर खोल करण्यात आली. पण ती तशीच राहावी म्हणून यंत्रे तेथील गाळ सतत उपसत असतात. नदी आपले काम थांबवीत नाही, म्हणून माणसालाही थांबता येत नाही.