हवा भरू द्या, मग गिअर टाका
(लेखमाला : चाकावरची रोजीरोटी, भाग ४)

सारसोळे हे नेरूळमधलं खाडीकाठचं कोळी-आगऱ्यांचं गाव. इथला एखादा तरुण ट्रकच्या धंद्यात उतरतो म्हणाला, तर काम शोधायला त्याला लांब जावं लागत नाही. तुर्भ्याला एपीएमसी, कळंबोलीला स्टील मार्केट आणि उरणच्या रस्त्याला लागलं की १९८९ साली सुरू झालेलं जेएनपीटी बंदर.

घोडं अडतं ते लायसन्सपाशी. हलक्या गाडीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, पण मालवाहू गाडी चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात. शिवाय हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय हेवीचं लर्निंगही मिळत नाही. सोबत डॉक्टरचा दाखला आणि मोटार ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आठवी पासची अट मात्र २०१९ मध्ये निघाली.

हेवीसाठी थांबण्याचं हे वर्ष वाया गेलं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तेच कमाईचं वर्ष आहे. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. म्हणजे विशी ओलांडलेल्या पोराने आधी पिकअपवर भाजीच्या फेऱ्या माराव्यात. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांचा ब्रेक किती वेगळा लागतो, हे तिथेच पायाला कळतं.

पुढे मोठ्या ट्रकवर बसलं की पहिला धडा हवेचा. इंजिन चालू केलं, बझर वाजतोय, काटा खाली आहे. अशा वेळी गाडी हलवायची नाही. टाक्यांत पुरेशी हवा भरल्याशिवाय पार्किंग ब्रेकची स्प्रिंग नीट सुटत नाही आणि पायाच्या ब्रेकवरही भरवसा ठेवता येत नाही. काटा वर चढेपर्यंतच्या वेळात खाली उतरून टायर आणि दोरखंड बघून घ्यावेत. ट्रेलर असेल, तर कंटेनरची चारही लॉक हाताने तपासावीत.

खरी परीक्षा बोरघाटाच्या उतारावर. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल मारणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. गिअर सुटला की इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि मग पेडल कितीही दाबलं तरी गाडी आवरत नाही. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि तो खोपोलीपर्यंत सोडू नये. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवू दे.

नोकरी धरताना पगार आणि भत्त्याइतकंच कामाच्या तासांचं विचारावं. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता. त्यात सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. बंदराच्या रांगेत रात्र काढलेल्या नव्या ड्रायव्हरला सकाळी लगेच पुण्याची फेरी दिली, तर त्याने झोप मागावी. ती त्याच्या हक्काची आहे.

(पुढील भागात : बिल्टी, ई-वे बिल आणि चलन)