येतो हं!

मंडळी, एक सोप्पं कोडं. पाहुणा दारात उभा असतो तेव्हा आत यायला आणि चहा संपला की उठायला, एकाच वाक्यात परवानगी मागतो. कोणतं वाक्य? ‘येऊ का?’ आणि दोन्ही वेळा उत्तरही एकच, ‘या!’

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. ‘तो गेला’ म्हटलं की अर्थ भलताच होतो ना! नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद नाही करायचं, तेही वाढवायचं. तसंच निघताना ‘येतो’. थेरगाव पुलाजवळच्या घाटावर बाप्पाला पवनेत निरोप देतानाही आपण त्याला ‘या’ म्हणूनच सांगतो. अपवाद एकच. सांत्वनाला गेलेल्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, मुकाट्याने उठायचं.

मी थेरगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. रूम पार्टनर चेन्नईचा. नवीन नवीन मराठी शिकला तेव्हा एकदा बॅग उचलून ऐटीत म्हणाला, ‘काकू, जातो!’ घरमालकीण काकू कढई सोडून दारात. ‘जातो काय रे? येतो म्हण!’ पठ्ठ्याला लगेच कळलं. तमिळ घरांतही निघताना ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. गुजराती ‘आवजो’ आणि बंगाली ‘आशि’ त्याच जातीचे. तिकडे वेल्समध्ये मात्र निरोपाला ‘हुइल’ म्हणतात. त्याचा एक अर्थ मजा, दुसरा चक्क जहाजाचं शीड! समुद्राकाठचे लोक, वाऱ्यावर सोडून देत असतील, आणखी काय.

ऑफिसात ‘येतो’ चालत नाही, हेही खरं. डांगे चौकाच्या ट्रॅफिकमधून हिंजवडी गाठायची, संध्याकाळी ‘चल, निघतो’ नाहीतर ‘बाय’. लिफ्टपुरतं तेवढं पुरे. उद्या सकाळी तेच चेहरे पुन्हा बघायचेच आहेत!

पण ‘येतो’ला उंबरठा लागतो. माझं घर लातूरला. दिवाळीनंतर निघताना आई हातावर दही ठेवते, मी ‘येतो’ म्हणतो, ती ‘ये’ म्हणते. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. बाकी सगळे निरोप फोनवर, आणि फोनवर ‘येतो’ म्हणताच येत नाही. आपण आधीच निघून आलेलो असतो. तिथे फक्त ‘ठेवतो’. आईला मात्र क्रियापद सोडवत नाही. इकडचं तिकडचं बोलून झालं, जेवलास का झालं, की शेवटी ती तेच प्रश्न करून विचारते, ‘मग, कधी येतोस?’

‘बघतो गं, रिलीज आहे,’ मी म्हणतो. ‘ठेवू?’